‘ऐकत नाही’ आणि ‘ऐकू येत नाही’ : संत एकनाथांच्या ‘बहिरा’ भारुडाचे अध्यापन व कर्णबधिरत्वाचे भान

प्रस्तावना :

संत एकनाथांची भारुडे हा मराठवाड्यातील मराठीच्या अध्यापकाला जिव्हाळ्याचा विषय आहे. पैठण हे याच जिल्ह्यातील गाव. फाल्गुन वद्य षष्ठीला तेथे भरणारी नाथषष्ठीची यात्रा आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिलेली असते. पदवी स्तरावर भारूड हा काव्यप्रकार शिकवला जातो, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून लहान मुले ‘विंचू चावला’सारखी भारुडे सोंगासह सादर करतात. त्यामुळे भारूड हे केवळ संशोधनाचे साहित्य न राहता मुलांच्या मनावर आजही संस्कार करणारे साहित्य आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेने वर्गात नाथांची ‘आंधळा’, ‘पांगळा’, ‘बहिरा’ आणि ‘मुका’ ही भारुडे शिकवली. रूपकांचा उलगडा नेहमीच्या पद्धतीने झाला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबून राहिली. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर होता आणि ‘मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल’ असे बोल तिची आई घरात वर्षानुवर्षे ऐकत आली होती. तिने एवढेच विचारले, “मॅडम, नाथांनीसुद्धा हेच म्हटलंय का?” त्या दिवशी तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. सदर लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. ऐकू येणाऱ्या मुलांना कर्णबधिरत्व समजावून देताना आपली भाषा आणि आपले परंपरागत साहित्य कोणती मदत करते व कोणता अडथळा निर्माण करते, याचा विचार येथे केला आहे.

मराठीतील दोन क्रियारूपे :

भारुडाकडे वळण्यापूर्वी भाषेतील एका भेदाची नोंद घेणे आवश्यक आहे. ‘तो ऐकत नाही’ आणि ‘त्याला ऐकू येत नाही’ ही दोन वाक्ये मराठीत अगदी वेगळी आहेत. पहिल्या वाक्यात ‘तो’ कर्ता आहे. क्रिया त्याच्या इच्छेच्या अधीन आहे, म्हणून न ऐकण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. दुसऱ्या वाक्यात ‘त्याला’ हे चतुर्थीचे रूप आहे. भूक लागणे, आठवणे, समजणे यांप्रमाणे ही गोष्ट त्याच्या बाबतीत घडते किंवा घडत नाही, तो ती करीत नाही. पहिले वाक्य वर्तनाविषयी आहे, तर दुसरे शरीराविषयी.

डोळ्यांच्या बाबतीत मराठीने ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ असे दोन स्वतंत्र धातू ठेवले आहेत. ‘तो पाहत नाही’ असे म्हटल्याने तो मुलगा उद्धट आहे असा अर्थ निघत नाही. कानांच्या बाबतीत मात्र दोन्ही रूपे ‘ऐक’ या एकाच धातूभोवती फिरतात. शिवाय ‘ऐकणे’ याचा दुसरा रूढ अर्थ आज्ञा पाळणे असा आहे. ‘आमचं पोरगं अजिबात ऐकत नाही’ ही घराघरातील तक्रार श्रवणाची नसून आज्ञाधारकतेची असते. ‘कानाडोळा करणे’, ‘कानावर हात ठेवणे’, ‘बहिऱ्याचे सोंग घेणे’ या वाक्प्रचारांतही न ऐकणे हे हेतुपुरस्सर केलेले कृत्य मानलेले आहे. अंध मुलावर सहसा न होणारा आरोप कर्णबधिर मुलावर होतो, त्यामागे अन्य कारणांबरोबर भाषेची ही घडणही आहे, असे म्हणता येईल.

हा भेद केवळ व्याकरणापुरता मर्यादित नाही. सर्दी किंवा कानाच्या संसर्गामुळे मधल्या कानात पाणी साठते, तेव्हा मुलाचे श्रवण मंदावते. पाणी कमी झाले की ते सुधारते. असे मूल सोमवारी हाकेला ओ देते आणि गुरुवारी देत नाही. ‘याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ हा शिक्षकाचा शेरा येथूनच जन्म घेतो. एका कानाने ऐकू न येणारे मूल शांत खोलीत नीट बोलते. पण गोंगाटाच्या वर्गात आवाजाची दिशा त्याला कळत नाही. उच्च पट्टीचे ध्वनी ऐकू न येणाऱ्या मुलाला वाक्याची चाहूल लागते, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शुद्धलेखनाच्या वहीत त्याच जागी चुका दिसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणाऱ्यास बधिर आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणाऱ्यास अल्पश्रवण मानले जाते. ३५ किंवा ४० डेसिबल ऱ्हास असणारे मूल या व्याख्येच्या बाहेर राहते. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसते. मागच्या बाकावर बसून ते निम्मा पाठ गमावते आणि गुणपत्रिकेवर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा घेऊन घरी जाते.

भारुडातील बहिरा :

या पार्श्वभूमीवर नाथांच्या ‘बहिरा’ भारुडाची रचना पाहण्यासारखी आहे. या भारुडाचा निवेदक प्रथमपुरुषी आहे. आपण या जगात बहिरे झालो असे तो सांगतो आणि त्याची कारणे एकेक करून मोजतो. हरिकीर्तन ऐकले नाही, पुराणश्रवण केले नाही, संतांची कीर्ती कानी घेतली नाही, पित्याच्या वचनाकडे पाठ फिरवली, माता हाक मारीत असता तिला उत्तर दिले नाही. याचे फळ म्हणून गर्भातच आणि नरदेहात येताच बहिरेपण आले, अशी त्याची कबुली आहे. शेवटी ‘एका जनार्दनी’ या मुद्रेसह तो स्मरणाचा मार्ग धरतो.

वर उल्लेखिलेला व्याकरणिक भेद या भारुडात नेमका पुसला जातो. जे प्रथम ‘ऐकले नाही’ होते, ते पुढे ‘ऐकू येत नाही’ होते. कर्त्याचा दोष देहाचे व्यंग बनतो. भक्तिपरंपरेच्या दृष्टीने ही मांडणी सुसंगत आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. ज्या परंपरेत परमार्थाचा प्रारंभच कानापासून होतो, तेथे श्रवणविमुखतेला बहिरेपणाचे रूपक मिळणे स्वाभाविकच आहे.

आपल्याकडील भारुडविषयक विवेचन बहुधा या उलगड्यापाशी थांबते. बहिरा म्हणजे हरिकथेला विन्मुख झालेला जीव, असे सांगितले की रूपक सुटले असे आपण मानतो. परंतु रूपकाचे देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालते. उपमेयाला उपमानाकडून अर्थ मिळतो, त्याचप्रमाणे उपमेयाची छाया उपमानावरही पडते. श्रवणविमुख जीवाला बहिरा म्हणताना त्या जीवाचा अपराध वास्तवातील बहिऱ्या माणसाच्या पदरी नकळत टाकला जातो. प्रौढ श्रोता ही छाया दूर सारू शकतो. दहा वर्षांच्या मुलाला ते जमेलच असे नाही. त्याच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारा मित्र असेल, तर त्याच्या दृष्टीने बहिरा हा शब्द रूपक नसून त्या मित्राचे वर्णन असते.

त्यातही मातेच्या हाकेचा उल्लेख विशेष लक्षवेधी आहे. आई हाक मारते आणि मूल वळून पाहत नाही, हीच गोष्ट बहुतेक घरांत कर्णबधिरत्वाची पहिली खूण ठरते. भारुडात तो अपराध म्हणून येतो, तर श्रवणतज्ज्ञासमोर ते लक्षण असते. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा दंडक आज सर्वत्र मान्य आहे. कारण भाषा आत्मसात करण्याचा काळ वाट पाहत नाही. हाकेला ओ न देण्याला हट्ट समजणाऱ्या घरात हा काळ वाया जातो.

अर्थात सोळाव्या शतकातील संतकवीला एकविसाव्या शतकाच्या मापाने मोजणे अयोग्य ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. येथे मूल्यमापन नाथांचे नसून आपल्या अध्यापनाचे आहे. शिवाय भारुडाच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली पाहिजे. लोकव्यवहारातील विनोदांत बहिरा हा नेहमी दुसरा कोणीतरी असतो. वाटसरू मुलाबाळांची चौकशी करतो, बहिरा शेतकरी टोपलीतील वांग्यांविषयी बोलतो आणि त्यांचे भरीत करण्याचा बेत सांगतो, हा विनोद पिढ्यानपिढ्या मुलांना सांगितला जात आहे. त्यात हसणारे ऐकणारे असतात आणि हसे होते ते न ऐकू येणाऱ्याचे. नाथांचा बहिरा मात्र ‘मी’ म्हणून उभा राहतो. सोंग घेणारा बहिरेपण स्वतःवर ओढून घेतो आणि समोर बसलेल्या, कानांनी धडधाकट असलेल्या श्रोत्याला ‘तूच तो’ असे सुचवतो. या भारुडाचे लक्ष्य कर्णबधिर माणूस नाहीच. कान शाबूत असूनही जो ऐकत नाही, तो त्याचे लक्ष्य आहे.

भारुडातील मुका :

‘मुका’ या भारुडाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यातील निवेदक पूर्वाश्रमीचा महापंडित आहे. वेद, शास्त्रे, पुराणे त्याला मुखोद्गत होती. पण गर्व, जिव्हालौल्य आणि संतनिंदा यांमुळे त्याची वाचा गेली. म्हणजे नाथांच्या मांडणीत बहिरा आणि मुका या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत आणि त्यांच्या अवस्थेची कारणेही वेगळी आहेत. लोकव्यवहारात मात्र ‘मुका-बहिरा’ हा जोडशब्द रूढ झाला आणि ‘मूकबधिर’ या रूपाने तो संस्थांच्या पाट्यांवरही चढला. मराठीत जनावरांसाठीही ‘मुके’ हेच विशेषण वापरले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दाची बोच लक्षात येते.

वस्तुस्थिती अशी की, बहुसंख्य कर्णबधिर मुलांची जीभ, स्वरयंत्र आणि श्वास निर्दोष असतात. बोलणे हे ऐकून शिकण्याचे कौशल्य असल्याने, जे कानी पडत नाही ते तोंडी येत नाही, इतकेच. म्हणूनच ‘मूकबधिर’ मागे पडून ‘कर्णबधिर’ हा शब्द मराठीत आला. दोष कोठे आहे ते तो नेमके सांगतो आणि वाचेविषयी काहीही गृहीत धरत नाही. मुलांना शिकवताना हा शब्दबदल केवळ सौजन्याचा भाग म्हणून सांगू नये. त्यामागील कार्यकारणभाव सांगितला, तर मुले तो विसरत नाहीत.

मुकेपणाचा आणखी एक अर्थ मराठीने पाहिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. तेथील मूक समाजाला वाचा नव्हती असे नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नव्हते. मुकेपण बोलणाऱ्याच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या नकारात असू शकते, हा विचार कर्णबधिर मुलालाही लागू पडतो. ते हातांनी, चेहऱ्याने, डोळ्यांनी बोलत असते. ती भाषा न येणारे आपण त्याला मुके ठरवतो. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण व शब्दक्रम आहे. ती मराठीचे किंवा हिंदीचे हातवाऱ्यांतील रूपांतर नव्हे. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या देशभरातील प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला आणि त्याच वर्षी पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी उपरोक्त केंद्र व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद यांच्यात करार झाला.

पैठणच्या दोन कथा :

नाथांच्या गावाशी निगडित दोन कथा या संदर्भात शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिली ज्ञानदेवांची. शुद्धिपत्रासाठी पैठणला आलेल्या ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हा कथेचा गाभा आहे. रेड्यावरील आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, हा तपशील तेच सांगतो. मुलांना कथा सांगताना मात्र हा गाभा बहुधा मागे पडतो आणि मुका प्राणी बोलू लागला, हा चमत्कार तेवढा उरतो. त्यातून बोलता आले तरच मान मिळतो, असा निष्कर्ष मूल काढू शकते. १८८० च्या मिलान येथील शिक्षक-परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात सांकेतिक भाषेऐवजी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्यानंतर जगातील अनेक शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. बोलून दाखवणे हीच शिक्षणाची कसोटी मानण्याची ही वृत्ती आपल्यापुरती मर्यादित नव्हती, हे त्यावरून दिसते.

दुसरी कथा गावबाची. परंपरेनुसार गावबा हा मंदबुद्धी समजला गेलेला, पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला मुलगा. नाथांनी दिलेला मंत्र त्याला म्हणता येईना. ‘एकनाथ’ एवढेच तो म्हणे. नाथांनी तेच त्याचे साधन मानले. पुढे नाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरे राहिले, ते गावबाने पूर्ण केले असे सांप्रदायिक परंपरा सांगते. कथेतील अद्भुताचा अंश बाजूला ठेवला, तरी शिक्षक म्हणून नाथांनी केलेली कृती स्पष्ट दिसते. मुलाला जे येत नव्हते त्याची शिक्षा त्यांनी केली नाही. जे येत होते, तेथून शिकवणे सुरू केले. ‘बहिरा’ भारूड शिकवताना गावबाची ही कथा सोबत सांगितली जावी, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. नाथांचे रूपक आणि नाथांचे आचरण यांत भेद करण्याची संधी विद्यार्थ्याला त्यातून मिळते.

अध्यापनाची दिशा :

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे क्रम. रूपकातील बहिऱ्याआधी वास्तवातील कर्णबधिरत्वाची ओळख झाली पाहिजे. बाह्य कान ध्वनी गोळा करतो, पडदा कंप पावतो, हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवली हाडे तो कंप पुढे नेतात आणि आतील गोगलगायीच्या शंखासारख्या भागातील सूक्ष्म केसपेशी त्याचे संदेशात रूपांतर करतात, हे विज्ञानाच्या पाठातील ज्ञान भाषेच्या तासाला उपयोगी पडते. या वाटेवर कोठेही अडथळा येऊ शकतो, हे कळले की ‘पाप’ या कारणाला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट कारणांची. जनुकीय दोष, गरोदरपणातील रुबेला, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गोवर, गालगुंड, दुर्लक्षित कानफुटी ही खरी कारणे आहेत. जनुकीय दोष अप्रकट असल्यास आईवडील दोघांनाही नीट ऐकू येते, तरी मूल कर्णबधिर जन्मते. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते, हे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या भागात सांगणे अगत्याचे आहे. मात्र ते घराण्याला दोष देण्यासाठी सांगू नये. बालपणातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रतिपादन आहे. लसीकरण आणि वेळीच उपचार हे येथे प्रायश्चित्तापेक्षा अधिक फलदायी आहेत.

तिसरी गोष्ट वर्गातील वर्तनाची. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कर्णबधिर मुलाशी बोलताना चेहऱ्यावर उजेड असावा, ओरडू नये, वाक्य पुन्हा सांगावे आणि तरीही न कळल्यास वेगळ्या शब्दांत सांगावे. चष्म्याने अक्षर स्पष्ट दिसते, त्याप्रमाणे श्रवणयंत्राने शब्द लगेच स्पष्ट होतोच असे नाही. यंत्र गोंगाटही वाढवते. एवढे समजले तरी वर्गमित्र आपले वागणे बदलतात. यांपैकी पहिली गोष्ट तर आपण प्राध्यापकांनीच प्रथम आचरणात आणण्याजोगी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद श्रवणदिव्यांग म्हणून झाली होती. सौम्य श्रवणऱ्हास असलेली मुले अशा गणनेत सहसा येत नाहीत. ती आपल्या हजेरीपटावर मात्र असतात.

समारोप :

‘बहिरा’ भारूड अभ्यासक्रमातून वगळावे, असा या लेखाचा आग्रह नाही. ते वगळल्याने घराघरांतील ‘मागच्या जन्मीचं’ हा बोल थांबणार नाही. उलट त्या बोलाची चिकित्सा करण्याचे एक साधन हातचे जाईल. ते शिकवताना ‘ऐकत नाही’ आणि ‘ऐकू येत नाही’ यांतील अंतर मात्र प्रत्येक वेळी फळ्यावर लिहून दाखवले पाहिजे. हे अंतर मराठी भाषेनेच आपल्याला दिले आहे.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाल्यास ते असे देता येईल : नाथांनी तुझ्या भावाविषयी काहीच म्हटलेले नाही. त्यांनी म्हटले आहे ते ऐकू येणाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. तुझ्या भावाला ऐकू येत नाही, यात त्याचा दोष नाही आणि तुझ्या आईचाही नाही. हे उत्तर देण्यास काही वर्षे लागली, कारण तिचा प्रश्न त्या दिवशी वर्गात ऐकू आला होता, पण तो नीट ऐकला गेला नव्हता.